पंखवाला कुरिबो शिवताना: पंख परीचे नकोत, देवदूताचे हवेत

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं शिलाई मशीन गेली एकतीस वर्षं चालू आहे. ब्लाउज, फॉल-पिको हे रोजचं. पण जीव रमतो तो पोशाखांत. गणपतीत तालमींच्या सजीव देखाव्यांसाठी मावळ्यांचे अंगरखे, शाळांच्या गॅदरिंगला मोर, वाघ, वासुदेव, सगळं शिवून झालंय. मागच्या दिवाळीनंतर लेकीचा मुलगा खेळातला एक पत्ता घेऊन आला आणि मशीनवरच ठेवून म्हणाला, "आज्जी, गॅदरिंगला मला ह्यो व्हायचंय."

पत्त्यावर तपकिरी केसांचा एक गोळा. गोळ्यालाच दोन मोठे डोळे, हिरवे हात, हिरवे पाय आणि पाठीमागं पांढरे शुभ्र पंख. नाव विंग्ड कुरिबो. यू-गी-ओह! जीएक्स या पत्त्यांच्या खेळाच्या जपानी अ‍ॅनिमेतला, म्हणजे कार्टून मालिकेतला, हा जीव. त्याच्यानंतर असे आणखी दोन पोशाख मी शेजारच्या मुलांसाठी शिवले आणि तिसऱ्याला हात चांगला बसला. ज्यांच्या घरी असं मूल हट्ट धरून बसलंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

कात्री हातात घ्यायच्या आधी पत्ता नीट वाचा. मी तो अर्धाच वाचला. इंग्रजी पत्त्यावर त्याचं कूळ 'फेअरी' लिहिलंय. फेअरी म्हणजे परी, असं धरून मी महाद्वार रोडवरून चंदेरी नेट, टिकल्यांची लेस आणि परीच्या पंखांची तयार फ्रेम घेऊन आले. दोन संध्याकाळी खपून पंख केले. नातवानं पाहिले आणि त्याचा चेहराच उतरला. "आज्जी, परी न्हाई ती. देवदूत हाय."

मग त्यानं मला समजावलं. मूळ जपानी पत्त्यावर कूळ आहे 'तेन्शी'. तेन म्हणजे आकाश, स्वर्ग आणि शी म्हणजे दूत. स्वर्गाचा दूत. इंग्रजीत येताना त्याची फेअरी झाली. याचा एक भाऊबंद आहे, बिनपंखांचा साधा कुरिबो. त्याचं जपानी कूळ 'अकुमा', म्हणजे राक्षस. दोघांची ताकद मात्र सारखीच, हल्ला 300 आणि बचाव 200. जपानी नावात पंखवाल्याच्या आधी फक्त 'हाने' लागतं, हाने म्हणजे पंख, पीस. म्हणजे गोळा तोच, पण पंख आले आणि राक्षसकुळातला देवदूत झाला. हे कळल्यावर नेटचे पंख मी उसवून टाकले. या पोशाखाचं सगळं मोल पंखांत आहे. अंगाची शिवण थोडी इकडंतिकडं झाली तर चालेल, पण पंख पाखराचे दिसले पाहिजेत, पिसांचे.

दुसरी गोष्ट म्हणजे हा पत्ता करतो काय, तेही समजून घ्या, कारण त्यावर कपड्याचा बेत ठरतो. ही मालिका जपानमध्ये 2004 ते 2008 चालली, 180 भागांची आहे. पहिला भाग मी नातवाशेजारी बसून पाहिला. जूदाई नावाचा मुलगा, इंग्रजीत त्याला जेडन म्हणतात, पत्त्यांच्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला उशीर झाला म्हणून धावत सुटलेला असतो. वाटेत तो युगीला धडकतो. युगी हा आधीच्या मालिकेचा नायक, आता मोठा झालेला. तो आपल्याजवळचा हा पत्ता त्या पोराच्या हातात देतो आणि निघून जातो. परीक्षेत समोर उभा राहतो 3000 ताकदीचा अँशंट गिअर गोलेम, दातेरी चाकांचा राक्षस. कुरिबो त्याच्यापुढं चिरडला जातो, पण जूदाईला ओरखडासुद्धा येत नाही. कारण नियमच तसा आहे: हा पत्ता नष्ट होऊन ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, गेला की त्या टर्नपुरतं मालकाला लढाईचं काहीच नुकसान पोचत नाही.

नीट लक्ष द्या, आधी तो पडतो आणि मग राखण सुरू होते. पडला नाही तर राखण नाही. स्टेजवर मुलं नेमकं उलटं करतात, छाती काढून उभी राहतात. आमच्या नातवानं पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं होतं, "मला पडायचंय, आज्जी." म्हणजे पोशाख असा हवा की मूल त्यात बसेल, गुडघ्यावर येईल, कोसळेल आणि कोसळल्यावर पंख उघडतील. उभ्या बाहुलीचा पोशाख इथं कामाचा नाही.

आता गोळा. मापं चार फूट दोन इंच उंचीच्या मुलाची देते, तुम्ही आपल्या मुलाप्रमाणं कमीजास्त करा. आत तीन कडी लागतात. वेताची करतात, पण मला सगळ्यांत सोयीची पडली ती ठिबक सिंचनाची 16 मिमीची काळी नळी. आपल्याकडं उसाला ठिबक सगळीकडं आहे, कुणाच्याही रानात तुकडे पडलेले असतात. नसतील तर शेतीच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते, टोकं जोडायचे जॉइनरही तिथंच. हलकी, वाकणारी, आणि पोरगं पडलं तरी टोचत नाही. मधलं कडं 90 इंच घेराचं, वरचं आणि खालचं 60 इंचांचं. गुंडाळी केलेली नळी वाकडीच राहते, म्हणून कडी करायच्या आधी ती तासभर उन्हात टाका, मऊ पडते.

तिन्ही कडी उभ्या काठ्यांनी जोडू नका. खाटेच्या नवारीच्या आठ पट्ट्या घ्या आणि कडी त्यांना टाका मारून लोंबती ठेवा. वरच्या कड्याला खांद्यावरून जाणारे दोन पट्टे. मूल उभं असताना गोळा फुगून राहतो आणि खाली बसलं की कागदी आकाशकंदील मिटावा तसा एकावर एक मिटतो. पडायचं असेल तर हे पाहिजेच.

कापड तपकिरी फरचं, 58 इंच पन्ह्याचं, दोन मीटर पुरतं. कलिंगडाच्या फाकीसारखे सहा तुकडे काढायचे, प्रत्येक फाक मध्ये 16 इंच रुंद आणि 32 इंच उंच, शिवण धरून. वरखाली निमुळती. पन्ह्यात तीन फाकी बसतात, अशा दोन ओळी. उरलेल्या कापडात डोक्याचं हूड होतं. फरला लव असते, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. सगळ्या फाकींची लव वरून खाली आली पाहिजे. कापड वाचवायला एखादी फाक उलटी लावाल तर स्टेजच्या दिव्यात ती पट्टी वेगळ्याच रंगाची दिसेल. फर कात्रीनं कापू नका. उलटीकडून ब्लेडनं फक्त पाठचं कापड चिरा, केस आपोआप सुटे होतात. कात्री लावली की केस अर्धे तुटतात, आणि घरभर उडतात ते वेगळंच. शिवल्यावर जाड सुईनं शिवणीत अडकलेले केस बाहेर ओढून घ्या, मग जोड दिसत नाही.

एक सूचना. माझ्या पहिल्या फरचा रंग घामानं सुटला आणि पोराच्या बनियनला तपकिरी डाग पडले. दुकानदारानं पक्का रंग म्हणून सांगितलं होतं. कापड घेताना ओल्या रुमालानं दोनदा घासून बघा, दुकानातच. आत मुलाला नुसतं सुती बनियन आणि चड्डी घाला, थंडीतही. फरच्या आत पाच मिनिटांत घाम फुटतो.

डोळे गोळ्यावर येतात, मुलाच्या छातीच्या पातळीला. मूळ चित्रात सगळं अंगच तोंड आहे, त्यामुळं मुलाचं तोंड झाकून डोळ्यांतल्या जाळीतून बघायला लावणारेही असतात. मी ते करत नाही. चार मिनिटांच्या प्रवेशात मुलाला श्वास घेता आला पाहिजे, आणि पहिल्या रांगेतल्या आईला त्याचा चेहरा दिसला पाहिजे. डोळे आठ इंचांचे, 6 मिमी फोम शीटचे. गोलाला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या, कडा अर्धा इंच एकावर एक चढवून चिकटवा, की डोळा वाटीसारखा फुगतो. सपाट डोळा मेलेला दिसतो. रंग पत्त्यावरूनच उचला, आठवणीतून नको. हात-पाय हिरव्या फेल्टचे, नख्या फोमच्या. पायात कॅनव्हासचे बूट आणि वरून हिरवी खोळ, पण तळ उघडा ठेवा, नाहीतर फळ्यांवर घसरतं.

पंखांवर मी सगळ्यांत जास्त वेळ घातला आणि तुम्हीही घाला.

पहिल्या वेळी सांगाडा बांधकामाच्या 6 मिमी सळीचा केला. मजबूत हवा म्हणून. पाच मीटर सळी गेली, म्हणजे नुसतं लोखंडच किलोभराच्या वर झालं. तालमीला पोरगं गुडघ्यावर बसलं आणि पंखांच्या वजनानं सरळ मागं उलथलं. डोकं फळीवर आपटलं. टेंगूळ आलं, बाकी काही झालं नाही, पण मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी सळी भंगारात. पंखांचं सगळं मिळून वजन 700 ग्रॅमच्या आत ठेवा. घरच्या काट्यावर घालून बघा, अंदाजावर सोडू नका.

आता मी आठ गेजची अ‍ॅल्युमिनियमची तार वापरते. चार मीटर तार दीडशे ग्रॅमच्याही आत बसते आणि हातानं वळते. एका पंखाला दोन मीटर. आकार कसा द्यायचा, हा प्रश्न मला पडला तेव्हा मी पत्ता बाजूला ठेवला आणि माहेरी गेले, पंचगंगेकाठी. उसाला पाणी सोडलेलं होतं. पाटाचं पाणी सरीत शिरलं की किडे वर येतात आणि बगळे त्यांच्यामागं उतरतात. बांधावर बसून मी तासभर फक्त त्यांचं उतरणं बघितलं. बगळा टेकायच्या आधी पंख पुढं आणतो, जणू हवा कवेत घेतोय. पंख सरळ काठी नसतो. खांद्यापासून वर जातो, मनगटापाशी मोडतो आणि तिथून पिसं बोटांसारखी फाकतात. ते मनगटाचं मोडणं तारेत आलं की पंख जिवंत. माझ्या मापात खांदा ते मनगट 12 इंच, मनगट ते टोक 16 इंच, आणि मनगट खांद्यापेक्षा आठ इंच वर.

पिसं मी पांढऱ्या पॉपलिनची करते. शर्टाच्या कॉलरला लावायचं चिकट कॅनव्हास पॉपलिनला इस्त्रीनं चिकटवा, दोन्ही बाजूंनी कापड, मध्ये कॅनव्हास. कोणत्याही शिंप्याकडं कॅनव्हासच्या चिंध्या पोत्यानं असतात, मागितल्या तर तशाच देतात. पिसं तीन मापांची: 14 इंची, 9 इंची आणि 5 इंची. एका पंखाला मोठी अकरा, मधली पंधरा आणि बारीक वीस-बावीस लागली. प्रत्येकाच्या मधोमध मशीनची एक सरळ टीप मारा, तीच पिसाची दांडी. मग दोन्ही कडांना तिरक्या दोन-तीन चिरा द्या, कमी-जास्त, कुठं एक तर कुठं तीन. सगळी पिसं एकसारखी कापलीत तर ती पताका दिसते. नातवाला मी चिरा द्यायला बसवलं होतं. त्याचा हात कुठं खोल गेला, कुठं उथळ, आणि त्यामुळंच ती पिसं माझ्यापेक्षा खरी दिसली.

लावायची पद्धत कौलांची. घर शाकारताना पागोळीपासून सुरुवात करतात आणि वरची ओळ खालच्या ओळीवर चढते, तसं. तारेच्या सांगाड्यावर आधी पांढरं मलमल ताणून शिवून घ्या. मग खालच्या कडेला मोठी पिसं, त्यांच्या मुळांवर मधली, आणि सगळ्यांत वर खांद्याच्या कडेनं बारीक. मोठ्या पिसांना दोन टाके, मुळाशी आणि तिथून तीन इंचांवर, नाहीतर फिरतात. बारकी गमानं चिकटवली तरी चालतात. ग्लू गन वापरत असाल तर मुलांना लांब ठेवा, तो गम उतू जाणाऱ्या पाकासारखा भाजतो. खालची पिसं किती लांब ठेवायची, त्याचं माप मूल उभं करून घेऊ नका. त्याला गुडघ्यावर बसवा आणि पिसांची टोकं जमिनीपासून चार बोटं वर राहतील अशी कापा. उभेपणी ती थोडी आखूड वाटतात, पण पडल्यावर वळत नाहीत.

पंख पाठीला कसे बसवायचे? 6 मिमी प्लायचा आठ बाय दहा इंचांचा तुकडा, कोपरे गोल घासलेले, आतून फोम. त्याला जुन्या दप्तराचे पट्टे. दप्तर फाटतं पण पट्टे फाटत नाहीत, टाकून देऊ नका. छातीवरून दोन्ही पट्ट्यांना जोडणारी एक आडवी पट्टी क्लिपसकट लावा. ती नसली की पंख मागं ओढतात आणि खांदे दुखतात. हे सगळं गोळ्याच्या आत बसतं. पंख बाहेर काढायला मागच्या फाकींत दोन उभ्या चिरा ठेवा, काज करतो तशा कडा पक्क्या करून.

प्लायवर दोन छोट्या बिजागऱ्या, एकेका पंखाला एक. दोन्ही पंखांच्या मध्ये पाठीमागून इलास्टिक, म्हणजे पंख एरवी मिटलेले. उघडायला तंगूस, माशाच्या गळाचा. पंखाच्या तारेला बिजागरीपासून सहा इंचांवर तंगूस बांधा, काखेखालून पुढं आणा, खांद्याच्या पट्ट्याला शिवलेल्या पडद्याच्या कडीतून ओवा आणि टोकाला कड्या लावा. त्या कड्या मुलाच्या दोन्ही हिरव्या पंजांत. हात छातीशी ओढले की पंख बाजूला उघडतात, सोडले की मिटतात. तंगुसाला एक गाठ मारा, पंख खांद्याच्या रेषेपर्यंत आले की ती कडीत अडकली पाहिजे. नाहीतर जोरात ओढल्यावर पंख पुढं येऊन तोंडावर आपटतो. तंगूस थेट कातडीला लागू देऊ नका, काखेत कापतो. बनियनवरून फोमची पट्टी बांधा.

मिटणाऱ्या पंखांचा आणखी एक उपयोग झाला. कार्यक्रमाच्या दिवशी जावयाच्या मोटरसायकलवरून पोशाख न्यायचा होता. पंख मिटले, माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळले आणि मी मागं बसून मांडीवर धरले. गंगावेशीच्या गर्दीतून एक पीस वाकलं नाही.

काही मुलं म्हणतात, लेव्हल टेनवाला करा. 'ट्रान्सेन्डेंट विंग्ज' हा पत्ता खेळून आणि हातातले दोन पत्ते टाकून कुरिबोचं मोठं रूप येतं, अवाढव्य पंखांचं. ते दहा वर्षांखालच्या मुलाला करू नका. वजन झेपत नाही. थोरला भाऊ असेल तर बघा.

गोलेम तुम्हाला फार शिवावा लागत नाही. टीव्हीच्या पेट्यांचे खोके, राखाडी रंग, पुठ्ठ्याची दातेरी चाकं. नातवाच्या वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा त्यात घातला. जूदाईला लाल जॅकेट, कारण त्या शाळेत तो ओसिरिस रेड या घरातला. पाठीमागं उभा करायला मी पत्त्याचं चित्र मोठं करून घेतलं. खरा पत्ता 59 बाय 86 मिमी असतो, तो दहापट केला की 59 बाय 86 सेंटीमीटर. बॅनर छापणाऱ्याला हेच माप सांगा, चित्र ताणलं जात नाही.

तालमी निदान पाच घ्या, पूर्ण पोशाखात. क्रम पक्का करून घ्या: गोलेमचा हात खाली येतो, कुरिबो गुडघ्यावर, मग पूर्ण खाली, तीन आकडे मोजायचे आणि मग पंख. ते तीन आकडे मुलांना फार लांब वाटतात, घाई करतात. नातवाला मी सांगितलं, मनात तीनदा अंबाबाईचं नाव घे.

कार्यक्रमाला मी विंगेत उभी होते, हातात सुई-दोरा. गोलेमचा खोक्याचा हात खाली आला. पोरगं कोसळलं, गोळा मिटून जमिनीला लागला. सगळं सभागृह गप्प. मला वाटलं तंगूस अडकला. तेवढ्यात मिटलेल्या तपकिरी ढिगातून पांढरा पंख वर आला, आधी डावा आणि मग उजवा, मनगटापाशी मोडत, तसाच जसा त्या बगळ्याचा. मागं लाल जॅकेटमधला मित्र दोन पंखांच्या मध्ये उभा. पहिल्या रांगेतून कुणीतरी चिमुरडी ओरडली, "मेला न्हाई त्यो!"

घरी आल्यावर पोशाख लगेच उलटा करून पंख्याखाली वाळवा. फर धुऊ नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि जाड दातांच्या कंगव्यानं लव खाली विंचरा. पिसांना घामाचा वास लागत नाही, पण धूळ बसते, ती कोरड्या ब्रशनं काढा. पंख मिटून खिळ्याला टांगा, जमिनीवर ठेवलेत तर टोकं वळतात. इलास्टिक मात्र काढून ठेवा, ताणात राहिलं की दोन महिन्यांत सैल पडतं. पुढच्या मुलाला द्यायच्या वेळी नवीन घाला, पट्टे त्याच्या मापानं सोडा, आणि तंगुसाची गाठ पुन्हा मारा, कारण प्रत्येक मुलाचा खांदा वेगळा असतो.